वकील आणि दोन सरकारे

परदेशात मूळ धरू पाहणारा मराठी मनुष्य वकिलाच्या शोधात निघतो तेव्हा तो सहसा वकिलाकडे जात नाही. मंडळाच्या गणेशोत्सवात भेटलेला कोणी जुना ओळखीचा, ओक ट्री रोडवरील वाणसामानाच्या दुकानाचा मालक, किंवा दर वर्षी आयकराचे कागद भरून देणारा गृहस्थ, यांपैकी कोणास तरी तो ‘एखादा चांगला वकील सांगा’ म्हणून गळ घालतो, आणि मिळालेले नाव टिपून घेऊन, अर्धे काम हातावेगळे झाले अशा समाधानात घरी परततो. नाव देणाऱ्याचे काम त्या वकिलाने केलेले असते हे खरे. परंतु ते काम कंपनीने भरलेल्या एच-वनच्या अर्जाचे होते, आईवडिलांच्या ग्रीन कार्डाचे होते, की घराच्या खरेदीखताचे, ही चौकशी करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. न्यू जर्सीतील मिडलसेक्स परगण्यात एका लहानशा वकिली कचेरीत कारकून म्हणून मी उमेदीची सारी वर्षे घालवली, आणि त्या अवधीत आमच्याकडे आलेल्यांपैकी बराच मोठा भाग असा होता की, त्यांनी आधी दुसरीकडे जावयास हवे होते, किंवा दुसरीकडे जाण्यापूर्वी आमच्याकडे यावयास हवे होते.

माझे वडील वाईच्या दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार होते. कैफियत, मुचलका, तहकुबी, वकीलपत्र या गोष्टी घरात जेवतानाही निघत. त्यामुळे लग्नानंतर अमेरिकेत येऊन, पतीच्या व्हिसावर अवलंबून बसण्याची वर्षे संपून काम करण्याचा परवाना हाती आला तेव्हा, कोर्टाच्या कागदांना न भिणारी ही बाई ठेवून घ्यावयास हरकत नाही असे आमच्या थोरल्या वकिलांस वाटले असावे. इमिग्रेशनचे खाते तेव्हा आय.एन.एस. या जुन्या नावाने ओळखले जाई. २००३ साली ते मोडून त्याची कामे होमलँड सिक्युरिटी या नव्या खात्याच्या निरनिराळ्या शाखांत वाटून देण्यात आली; दारावरच्या पाट्या बदलल्या, मुदती आणि कागदांच्या मागण्या होत्या तशाच राहिल्या.

मात्र वडिलांकडून ऐकलेले सारेच येथे चालत नव्हते. आपल्याकडे तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशापासून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यायालयांची एकच उतरंड आहे. कायदा संसदेने केलेला असो वा विधानसभेने, दाद मागावयाची ती बहुतेक त्याच पायऱ्यांनी. अमेरिकेत तसे नाही. न्यू जर्सीस १९४७ साली मतदारांनी मान्य केलेली स्वतःची राज्यघटना आहे. ट्रेंटनला स्वतःचे सर्वोच्च न्यायालय आहे. एकवीस परगण्यांत भरणारे सुपीरियर कोर्ट, त्यात जुन्या इंग्रजी वळणाने ठेवलेले लॉ आणि चॅन्सरी असे विभाग, कौटुंबिक तंट्यांची निराळी शाखा, आणि सर्वांच्या तळाशी गावोगावची म्युनिसिपल कोर्टे, असा तो विस्तार आहे. या व्यवस्थेच्या शेजारी, तिच्यापासून अलग, वॉशिंग्टनच्या सरकारची दुसरी व्यवस्था उभी आहे, आणि परदेशी माणसाने या देशात यावे कसे, राहावे किती आणि जावे केव्हा हे ठरवणारा १९५२ चा कायदा, १९६५ व १९९६ च्या मोठ्या दुरुस्त्यांसह, सर्वस्वी तिच्याकडे आहे. न्यू जर्सीचा न्यायाधीश कोणास व्हिसा देऊ शकत नाही. नूअर्कच्या इमिग्रेशन कोर्टाचा न्यायाधीश न्यू जर्सीने ठरवलेला अपराध पुसू शकत नाही. आणि ज्याचे भवितव्य या दोघांच्याही हाती, तो अर्जदार ‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ या न्यायाने मधल्या मध्ये ताटकळतो.

या फटीत वकीलही सापडतात, हे ध्यानी यावयास मला काही काळ लागला. इमिग्रेशनचे काम करण्यास देशातील कोणत्याही एका राज्याची सनद पुरते. तेव्हा ज्याच्या खिडकीवर इमिग्रेशन असे ठळक अक्षरांत रंगवलेले आहे त्याने न्यू जर्सीची दंडसंहिता आयुष्यात उघडून पाहिलेली नसणे अगदी शक्य आहे. उलट ज्याने गावच्या कोर्टात शेकडो आरोपी सोडवले त्या फौजदारी वकिलास, आपला अशील नागरिक नाही याने काय फरक पडतो, हे ठाऊक नसते. दोघेही आपापल्या विषयात निष्णात असतात. अशिलाचा घात त्यांच्या अज्ञानाने होतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो होतो तो दोघांपैकी एकानेही दुसऱ्याच्या हद्दीतला प्रश्न न विचारल्याने.

म्युनिसिपल कोर्ट आमच्या लोकांस प्रथमदर्शनी किरकोळ वाटते, आणि त्याचे रूपही तसेच आहे. नगरपालिकेच्या ज्या सभागृहात एरवी गटारांच्या निविदा मंजूर होतात तेथेच, पुष्कळदा संध्याकाळी, न्यायासन मांडले जाते. न्यायाधीश बहुधा अर्धवेळ, बाकीचा दिवस स्वतःची वकिली चालवणारे. आणि भिंतीच्या कडेने उभ्या असलेल्या माणसांत लाल दिवा ओलांडणारे, कुत्र्याचा परवाना न काढणारे, शेजाऱ्याशी हमरीतुमरीवर आलेले आणि दुकानातून वस्तू उचलल्याचा आळ आलेले, सारे एकाच यादीवर. सरकारी वकील बाजूच्या खोलीच्या दारात ती यादी घेऊन उभा राहतो, एकेकास पुकारतो, आणि चहा निवण्याच्या आत तडजोड ठरते. अलीकडे यातील बरेचसे काम संगणकाच्या पडद्यावरून चालते, त्यामुळे होते तेवढे गांभीर्यही उरलेले नाही.

अशाच एका यादीवर एका तरुण विवाहितेचे नाव लागले. मोठ्या दुकानाच्या स्वयंचलित गल्ल्यावर, एका हाताने मूल आवरीत सामान मोजताना, ट्रॉलीच्या खालच्या फळीवर ठेवलेल्या काही वस्तू यंत्रापुढे धरल्या गेल्या नाहीत, आणि दारातच रखवालदाराने तिला अडवले. दोनशे डॉलरांहून कमी किमतीची दुकानचोरी न्यू जर्सीत ‘डिसऑर्डर्ली पर्सन्स’ या वर्गात मोडते. तीस कमाल शिक्षा सहा महिन्यांची कैद व हजार डॉलर दंड. राज्याची दंडसंहिता स्वतःच सांगते की, राज्यघटनेच्या अर्थाने हा गुन्हा नव्हे, आणि म्हणूनच त्याच्या चौकशीस ज्यूरी बसत नाही. शिवाय २०१४ पासून एक सवलत आहे : प्रथमच सापडलेल्या आरोपीने अपराध कबूल करावा, वर्षभर देखरेखीखाली राहावे, आणि वर्ष निर्वेध गेल्यास आरोप काढून टाकला जावा. तिच्या फौजदारी वकिलाने तिला हाच मार्ग सांगितला, आणि या देशात जन्मलेल्या कोणाही बाईस तो तसाच सांगणे योग्य ठरले असते.

परंतु वॉशिंग्टनच्या १९९६ च्या व्याख्येप्रमाणे, आरोपीने कबुली दिली आणि न्यायाधीशाने त्याच्या स्वातंत्र्यावर कसलेही बंधन घातले, म्हणजे दोषसिद्धी पुरी झाली. पुढे राज्याने आरोप काढून टाकला काय किंवा सारी नोंद पुसून टाकली काय, इमिग्रेशनच्या दप्तरी ती अबाधित राहते. न्यू जर्सी ज्यास गुन्हाच मानत नाही त्यास इमिग्रेशनने गुन्ह्याची दोषसिद्धी मानावी काय, हा वाद याच राज्यातील एका दुकानचोरीच्या प्रकरणात फिलाडेल्फियाच्या संघीय अपील न्यायालयापर्यंत गेला होता, आणि २०१३ साली त्या न्यायालयाने तो फेरविचारासाठी खाली परत पाठवला. विद्वानांनी असा वाद खुशाल घालावा. ज्याच्या घरात पाळणा हलतो आहे त्याने आपली शिल्लक त्यावर लावू नये, असे आमचे थोरले वकील म्हणत. त्या बाईच्या पतीने केवळ ग्रीन कार्डाच्या अर्जात पत्ता बदलण्याविषयी विचारावे म्हणून फोन केला होता. बोलता बोलता कोर्टाच्या तारखेचा उल्लेख निघाला, तारीख चार दिवसांवर होती, आणि आमच्या कचेरीतील धाकट्या वकिलांनी त्याच दुपारी तिच्या फौजदारी वकिलास गाठले. दोघांनी मिळून सरकारी वकिलाशी बोलून आरोप गावच्या गोंगाटविषयक उपविधीच्या भंगापुरता उतरवून घेतला. दंड अधिक पडला. पती काहीसे नाराजही झाले; फुकट मिळणारी माफी सोडून पैसे भरावयाचे ही गोष्ट त्यांना व्यवहारास धरून वाटली नाही.

ज्यांनी ती माफी घेतली अशांपैकी एकजण पुढे नागरिकत्वाचा अर्ज घेऊन आला. आरोप कधीच निघाला होता. कोर्टाच्या आदेशाने नोंदही पुसली होती. आणि आता कोणी विचारले तर नाही म्हणण्यास हरकत नाही, असे त्यास त्या वेळी सांगण्यात आले होते, जे न्यू जर्सीतील बहुतेक व्यवहारांपुरते खरेही आहे. नागरिकत्वाचा अर्ज मात्र तुम्हास कधीही अटक झाली होती काय, असे विचारतो, आणि पुसलेली नोंदही सांगा असे बजावतो. त्याने आमच्याकडे येण्यापूर्वीच स्वतः अर्ज भरून ‘नाही’वर खूण केली होती. बोटांचे ठसे नूअर्कच्या ब्रॉड स्ट्रीटवरील त्या मोठ्या सरकारी इमारतीत त्याच्या आधीच पोहोचलेले होते. मूळ अपराध एकटाच आणि क्षुद्र असल्याने कायद्याने तो बहुधा पोटात घातला असता. शपथेवर केलेल्या त्या एका खुणेचे उत्तर देण्यातच पुढचे दोन हिवाळे गेले. तेव्हापासून आमच्या कचेरीत कोणताही अर्ज हाती घेण्यापूर्वी त्या त्या कोर्टाच्या निकालाची शिक्क्याची प्रमाणित नक्कल आणवण्याचा शिरस्ता पडला. नक्कल मागावयास काचेमागच्या खिडकीशी मीच जात असे. नक्कल घेतल्यावर पाठीमागे अंगठा फिरवून पाहावा, उठावाचा शिक्का बोटास लागला पाहिजे. नुसती शाईची सही असलेला कागद पुष्कळदा परत येतो.

न्यायालयांनाही ही फट उशिराच दिसली. २००९ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने, वकिलाने देशनिर्गमनाविषयी चुकीची माहिती दिल्यामुळे दिलेली कबुली मागे घेऊ दिली. आणि पुढच्याच वर्षी, मार्च २०१० मध्ये, ‘पॅडिला विरुद्ध केंटकी’ या खटल्यात वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, कबुलीचा परिणाम देशातून हकालपट्टीत होणार असेल तर तसे अशिलास सांगणे हे फौजदारी वकिलाचे कर्तव्यच आहे. तो पॅडिला व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेकडून लढलेला आणि चाळीस वर्षे या देशात राहिलेला मनुष्य. काळजी करू नका, असे त्याच्या वकिलाने त्यास सांगितले होते. सुपीरियर कोर्टातील कबुलीच्या छापील पत्रकात आता नागरिकत्वाविषयी प्रश्न असतात, आणि आरोपीने इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घेतला काय, हेही विचारलेले असते. पत्रक भरून घेणारा घाईत असेल तर प्रश्न असूनही नसल्यासारखा होतो, हे निराळे सांगणे नलगे.

मद्यप्राशन करून गाडी चालवल्याची प्रकरणे येथील मराठी मंडळी सर्वांत अधिक लपवतात. न्यू जर्सीत हा गुन्हा नसून वाहतुकीच्या कायद्याचा भंग आहे, आणि म्युनिसिपल कोर्टातच त्याचा निकाल लागतो. तथापि २०१५ पासून परराष्ट्र खात्याचे धोरण असे की, अशी अटक नजरेस आली म्हणजे पारपत्रावरचा व्हिसा सावधगिरी म्हणून रद्द करावा, मग कोर्टाचा निकाल लागलेला असो वा नसो. मनुष्य येथे असेतोवर त्याचे राहणे आणि नोकरी सहसा अबाधित राहते. परंतु आईच्या आजारपणासाठी पुण्यास गेला म्हणजे नवा व्हिसा मिळेपर्यंत मुंबईस अडकतो, आणि दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरकडून तपासणी करवून घ्यावी लागते. विमानात बसण्यापूर्वी वकिलास विचारावे, इतकेच मी अशांना सांगत असे, आणि ते बहुधा विमानतळावरून विचारीत.

बायकांची प्रकरणे मात्र इतक्या थोडक्यात सांगता येत नाहीत. पतीच्या एच-वनवर एच-फोर म्हणून आलेल्या स्त्रीचे या देशातील वास्तव्य लग्नाच्या धाग्यावर लोंबते. सुपीरियर कोर्टाच्या कुटुंबशाखेने घटस्फोटाचा अंतिम हुकूम केला की त्या दिवशी तो धागा तुटतो. ही गोष्ट कौटुंबिक तंट्यांच्या वकिलास ठाऊक असेलच असे नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे मिळकतीची न्याय्य वाटणी, पोटगी आणि मुलांचा ताबा हेच विषय असतात, आणि काम लवकर निकालात काढणे हा तो आपला गुण समजतो. आमच्याकडे आलेल्या एका मुलीच्या वकिलाने खरोखरच मोठ्या चपळाईने तारीख मिळवली होती. ‘काकू, पंधरा दिवसांत मोकळी होते मी,’ असे तिने मला आनंदाने सांगितले. धाकट्या वकिलांनी तिच्या वकिलास पत्र लिहून ती तारीख पुढे ढकलवली, मध्यंतरी तिने महाविद्यालयात प्रवेश घेतला, विद्यार्थ्याच्या व्हिसावर बदलीचा अर्ज मंजूर झाला, आणि मगच हुकूम घेतला. त्या विलंबाचे महिने तिला नको त्या घरात काढावे लागले. ही किंमत लहान नव्हे, आणि ती द्यावी की न द्यावी हे तिनेच ठरवावयाचे होते; आमचे काम ती किंमत आधी सांगण्याचे.

जेथे घरात मारहाण आहे तेथे थांबण्याचा सल्ला कोणी देऊ नये, आणि राज्याचा कायदा येथे खरोखर तत्पर आहे. रात्रीच्या वेळीही पोलिसांमार्फत न्यायाधीशाकडून तात्पुरता मनाई-हुकूम मिळतो. दहा दिवसांच्या आत कुटुंबशाखेपुढे सुनावणी नेमली जाते. आणि अंतिम मनाई-हुकूम झाल्यास न्यू जर्सीत त्यास कालमर्यादा नाही, कोर्ट उठवीपर्यंत तो चालू राहतो. तो दिवाणी स्वरूपाचा असतो, तेव्हा हुकूम झाला म्हणून लगेच पतीच्या व्हिसावर गंडांतर येत नाही. परंतु हुकूम मोडला तर ते स्वतंत्रपणे हकालपट्टीचे कारण होऊ शकते. पती नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर पीडित पत्नीस स्वतःच्या नावाने अर्ज करण्याची वाट १९९४ च्या कायद्याने मोकळी केली; पती एच-वनवरचा असेल तर तिच्या पदरी कामाचा परवाना पडू शकतो, ग्रीन कार्ड नव्हे. या भेदाचे समर्थन मला आजवर कोणाही वकिलाकडून ऐकावयास मिळालेले नाही. आलेल्या बाईला तो सांगणे मात्र माझ्याकडे असे, कारण तिला तो मराठीतून ऐकावयाचा असे, आणि ऐकल्यावर पुष्कळजणी काही न बोलता पर्समधून पारपत्र काढून, त्यावरचा शिक्का पुन्हा एकदा वाचीत.

नोकरदार पुरुषांचा समज आणखी वेगळा. ‘आमच्या कंपनीचा वकील आहे ना!’ असे ते मोठ्या निश्चिंतीने म्हणतात. कंपनीच्या अर्जात तो वकील कंपनीचा असतो, पुष्कळदा कागदोपत्री दोघांचाही. परंतु दोघांचे हित विरुद्ध झाले म्हणजे त्याचे शुल्क कोण देतो हे आठवावे. ग्रीन कार्डासाठी श्रम खात्याकडे करावयाच्या पर्म अर्जाचा व त्याच्या वकिलाचा खर्च मालकानेच सोसावा असा नियम २००७ पासून आहे, आणि पुष्कळ कर्मचारी तोही अजून स्वतः भरतात. नोकरी सुटली तर साठ दिवसांपर्यंतची सवड असते. ती सवड ‘मला आय-१४० ची प्रत पाठवा’ अशी कंपनीकडे विनवणी करण्यात संपवणारे मी पाहिले आहेत. वीस-वीस वर्षे ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे राहण्याची ज्यांची तयारी आहे त्यांनी आपल्याच रांगेतील क्रमांकाचा कागद आपल्याजवळ ठेवू नये, याचे मला शेवटपर्यंत आश्चर्य वाटत राहिले.

वकीलच नसलेल्या माणसांविषयी बोलावयाचे तर ओक ट्री रोडवर त्यांची वाण कधीच पडली नाही. आयकर, विमानाची तिकिटे, पैसे पाठवणे आणि ‘इमिग्रेशनचे फॉर्म’ अशी एकत्र पाटी. कायद्याने वकिलाखेरीज, न्याय खात्याने मान्य केलेल्या सेवाभावी संस्थांतील अधिकृत प्रतिनिधींनाच असा सल्ला देता येतो. एका अशा कचेरीने गुजरातमधून आलेल्या एका तरुणास कामाचा परवाना काढून दिला. तो परवाना आश्रयाच्या अर्जावर मिळाला होता आणि त्या अर्जात छळाची जी कहाणी होती ती त्याने कधी वाचलीही नव्हती, हे त्यास इमिग्रेशन कोर्टात हजर राहण्याची नोटीस आली तेव्हा कळले. त्या कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. चोरीच्या आरोपीस तो मिळतो, यास मिळत नाही, कारण ही कार्यवाही दिवाणी समजली जाते. तेथील न्यायाधीशही न्यायसंस्थेचे नव्हेत, तर न्याय खात्याचे नोकर. अपील प्रथम व्हर्जिनियातील मंडळाकडे आणि मगच फिलाडेल्फियाच्या खऱ्या न्यायालयाकडे. कोर्ट म्हणजे कोर्ट, अशा समजुतीने आलेल्या माणसास ही रचना समजावून सांगताना मला वडिलांची आठवण होई. मामलेदार कचेरीत भरणाऱ्या सुनावणीस ते कधी कोर्ट म्हणत नसत.

मग वकील पारखावा कसा? सनद चालू आहे की नाही, पूर्वी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे काय, हे न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या यादीत कोणासही पाहता येते. विशेषज्ञ म्हणून हे राज्य दिवाणी व फौजदारी खटले, वैवाहिक कायदा, कामगार नुकसानभरपाई अशा मोजक्या शाखांतच प्रमाणपत्र देते, आणि त्यांत इमिग्रेशन नाही. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात ते आहे. तेव्हा येथील पाटीवर विशेषज्ञ लिहिले असेल तर हे प्रमाणपत्र दिले कोणी, असे सरळ विचारावे. परंतु कागदी पारखीपेक्षा पहिल्या भेटीत तो काय विचारतो यावर माझा भरवसा अधिक. आमचे थोरले वकील अर्धा तास केवळ प्रश्न करीत. कधी अटक, कधी कोर्टाची तारीख, रहदारीची चिठ्ठी धरून, आधीचे लग्न, आधीचा कोणताही अर्ज, अगदी भावाने वीस वर्षांपूर्वी केलेलाही, शेवटी कोणत्या विमानतळावर उतरलात. माणसे कंटाळत. ‘साहेबांना काही येत नाही वाटतं, सगळं आम्हालाच विचारतात,’ असे बाहेर येऊन मला म्हणणारेही भेटले. जो ऐकून घेण्यापूर्वीच हमखास काम होईल म्हणतो त्याच्याकडे हीच मंडळी मोठ्या विश्वासाने जात.

वृद्ध आईवडिलांच्या अर्जांत मात्र माझे गावचे ज्ञान कामास आले. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्यापूर्वी जन्मलेल्या खेड्यातील माणसाचा दाखला बहुधा नसतो, आणि शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली १ जून ही तारीख आयुष्यभर त्यास चिकटते. एका घरातील आजोबा, आजी आणि आजोबांचे धाकटे बंधू अशा तिघांचाही वाढदिवस १ जूनला पाहून एका अधिकाऱ्याने खुलासा मागवला होता. अशा वेळी ग्रामपंचायतीकडून नोंद आढळत नाही असे प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आणि जन्म ठाऊक असलेल्या दोघा वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे, असा संच आम्ही बांधत असू. एकदा जावळी तालुक्यातील कोतवाल बुकाची मोडीतील नक्कलच निघाली. तीत मुलाचे नाव नव्हते, केवळ बापाचे नाव व पुत्र झाल्याची नोंद होती, आणि तारीख शाळेच्या तारखेहून आठ महिन्यांनी मागे. ती जोडावी की न जोडावी यावर आमच्या दोन्ही वकिलांचा पुरा एक दिवस वाद झाला. शेवटी खुलाशासह जोडली, आणि अधिकाऱ्याने त्याविषयी एक अक्षर विचारले नाही.

शुल्काविषयी मराठी माणूस तोंड उघडून बोलत नाही, आणि मग वर्षभर मनात धुमसत राहतो. नव्या अशिलास शुल्काचा आधार किंवा दर लेखी कळवावा, असा न्यू जर्सीच्या वकिलांवर नियम आहे. आणि बिलाविषयी तंटा झाला तर अशिलास जिल्हा लवाद समितीकडे जाता येते, जिचा निर्णय दोघांवर बंधनकारक असतो. आमच्या कचेरीवरही असा एक अर्ज झाला. सॉफ्टवेअरच्या धंद्यातील एका गृहस्थांनी प्रत्येक टपालखर्चाचा हिशेब मांडून, ठरल्यापेक्षा अधिक आकारल्याची तक्रार केली. समितीने उभयतांचे ऐकून घेऊन त्यांना काही रक्कम परत देवविली. थोरले वकील आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. पुढच्या वसंतात तेच गृहस्थ, आपल्या भावाच्या ग्रीन कार्डाचे काम घेऊन, कोणतीही वेळ न ठरवता, दारात उभे. यांनी आमच्याकडेच का यावे, हे मी न राहवून विचारले. ‘ताई, पैशाचं भांडण पैशापुरतं. माझ्या कामात तुमच्या साहेबांनी एकही गोष्ट विचारायची सोडली नव्हती,’ असे म्हणून त्यांनी पिशवीतून भावाचे कागद काढून टेबलावर मांडले. या वेळचा शुल्काचा करार चार पानांचा झाला, आणि त्यातील प्रत्येक कलमावर त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या.